कासऱ्यावरचा हात

१

आमचं दुकान आळेफाट्यावर. खाली सरकी पेंड, गहू भुसा आणि मका चुनीच्या थप्प्या, वर आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. पुण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन मी परत आले तेव्हा पप्पांना, म्हणजे खेमचंद शेठना, दोनच काळज्या होत्या: माझं लग्न आणि माझ्या शिक्षणाचा उपयोग. पहिलीवर तोडगा निघेना, म्हणून दुसरीवर त्यांनी स्वतःच शोधून काढला. पेंड खाणारे बैल जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत गावोगाव आहेत, तर त्यांची एक वेबसाइट कर, असं त्यांनी फर्मावलं. विकणारा येईल, घेणारा येईल आणि बैल कुणाच्याही दावणीला गेला तरी पेंड आपलीच खाईल. ही २००६ सालची गोष्ट. त्या वर्षी फाट्यावर दोन नवे सायबर कॅफे निघाले होते आणि पप्पांना वाटत होतं की आता मागे राहून चालणार नाही.

कल्पना वाईट नव्हती. पण गावं शेकड्यांनी आणि बैल त्याहून जास्त. प्रत्येकाचं वेगळं पान लिहीत बसले असते तर पप्पांची पहिली काळजी कायमचीच राहिली असती. म्हणून मी एकच पान लिहिलं. जिथे गावाचं नाव यायचं तिथे महिरपी कंस टाकून आत नुसतं 'गाव' लिहिलं. तसंच 'बैल', 'रंग', 'दात', 'मालक'. माहिती वेगळीकडे भरून ठेवायची आणि एक बटण दाबायचं. कंस जायचे, नावं येऊन बसायची, आणि हातातला चहा संपायच्या आत दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्या गावांची पानं तयार. ज्या गावातून एकाही बैलाची माहिती आली नव्हती त्याचंसुद्धा पान तयार. 'या गावातील उत्तम बैल' असं वर ठळक अक्षरांत.

माझा धाकटा भाऊ कल्पेश दुकानाचा टेम्पो चालवतो. त्याला हे कळेना. मी म्हटलं, एसटी फलाटाला लागली की तू खिडकीतून आत रुमाल टाकतोस ना? रुमाल काही प्रवासाला जात नाही, तो जागा धरतो. माणूस आला की रुमाल उठतो.

"आणि माणूस आलाच नाही तर?"

"तर रुमाल मंचरपर्यंत बसून जातो," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसलो.

रिकाम्या जागांवर पहिला आक्षेप मम्मीने घेतला. प्यारीबाई म्हणजे माझी मम्मी कॉम्प्युटरकडे ढुंकून बघत नसे. जिन्यात पप्पांच्या चपला वाजल्या की तिचा हात आपोआप डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा. घरात सासू-सासरे नव्हते, कुणी म्हणणारंही नव्हतं, पण नवी नवरी असतानाची ती सवय काही मोडली नाही. ज्या बैलाचा फोटो आला नाही त्याच्या पानावर नुसता पांढरा चौकोन येतो, एवढं मी जेवताना बोलले. त्यावर ती म्हणाली की शेजारणीचं भांडंसुद्धा आपण कधी रिकामं परत देत नाही, साखरेचा दाणा तरी घालतो. मग दुसऱ्याच्या बैलाची जागा रिकामी कशी ठेवतेस?

मला ते पटलं. सोमवारी कल्पेश बेल्ह्याच्या बैलबाजारात पेंड पोचवायला चालला होता, त्याच्याकडे कॅमेरा दिला आणि कुठलाही एक देखणा बैल टिपून आण म्हणून सांगितलं. त्याने आणला. पांढराशुभ्र खिलार, काळ्या कडांचे डोळे, वशिंड भरलेलं. फोटो नसेल तिथे हा नमुन्याचा बैल येईल अशी सोय मी करून टाकली आणि बटण दाबलं.

२

पानांच्या तळाशी दुकानाचा फोन नंबर होता. आठवडाभरात फोन येऊ लागले तेव्हा पप्पा खूश झाले. मीही झाले. पण फोन जरा चमत्कारिक होते.

बैल घेणारा माणूस काय विचारतो हे मला चांगलं माहीत होतं. दात किती, मारका आहे का, औताला चालतो का, आणि शेवटी द्यायचा भाव काय. यातलं काहीच कुणी विचारत नव्हतं. राजुरीहून एकजण म्हणाला की फोटो कधी काढलाय एवढंच सांगा. ओतूरच्या एका माणसाने कुठे काढला ते विचारलं आणि मी बेल्हे म्हटलं. मग तो हळूच म्हणाला, "कासरा कुनाच्या हातात हाय, ताई?"

मी तोवर फोटोतला फक्त बैल बघितला होता. आता कासरा बघितला. तो वेसणीपासून निघून डाव्या कडेला जात होता, आणि तिथे अगदी कडेला एक हात होता. उजवा हात. कासऱ्यावर मूठ वळलेली. मनगटापाशी फोटो संपत होता.

यात विशेष काहीच नव्हतं. बैल म्हटला की कासरा आला, कासरा म्हटला की हात आला. तरी मी कल्पेशला विचारलं की बैल कुणी धरला होता. तो म्हणाला, कुणीच नाही. बैल खुंटीला बांधलेला होता आणि जवळ माणूस नव्हता, म्हणून तर त्याचा फोटो काढला. "मालक असता तर आधी मिशीला पीळ देऊन मधे उभा राहिला असता," तो म्हणाला.

मी त्याला पडद्यावरचा हात दाखवला. कल्पेशने डोकं खाजवलं आणि म्हणाला की मग असेल कुणीतरी, बाजारात माणसांना काय तोटा. तो पेंडीची पोती उतरवायला खाली गेला. माझंही तेच मत झालं. फोटो काढणाऱ्याला समोरचं सगळं दिसतंच असं नाही.

३

मग एके दुपारी सयाजी आईला घेऊन आला. हा घोडेगावच्या पलीकडचा, पंचविशीतला, शेती बघून एका दूध डेअरीत काम करणारा मुलगा. त्याची तक्रार रास्त होती. त्याने घोडेगावच्या कॅफेतून आपल्या बैलाची माहिती पाठवली होती, फोटो पाठवला नव्हता. साहजिकच त्याच्या पानावर आमचा नमुन्याचा बैल जाऊन उभा राहिला. त्याचा स्वतःचा बैल तांबडा आणि एका शिंगाला किंचित वाकडा. पान छापून घेऊन तो हसत हसत घरी गेला, आईला दाखवायला की बघ, आपला बैल कसा गोरा झाला. आईने कागद हातात घेतला आणि तेव्हापासून ती धड जेवली नव्हती.

तिचं नाव कुशाबाई. नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती खुर्चीवर बसली नाही, खोलीच्या दारातच उभी राहून पडद्याकडे बघत होती. मी तिला समजावलं की हा बैल तुमचा नाही, कुणाचाच नाही. फोटो आला नाही की हा सगळ्यांच्या पानावर येतो.

"बैल कुनाचा का असंना, बाई," ती म्हणाली. "हात आमच्या मालकांचा हाय."

नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती, ते सयाजीने सांगितलं. सावळेराम. सयाजी तेरा वर्षांचा असताना वडील बेल्ह्याच्या बाजाराला बैल आणायला म्हणून एसटीने गेले आणि परत आले नाहीत. खूप शोधाशोध झाली. कुणी म्हणालं भीमाशंकरला साधूंच्या घोळक्यात पाहिले, कुणी म्हणालं मुंबईला. काहीच खरं निघालं नाही. या वर्षी बारा वर्षं भरली. आता सयाजीचं लग्न ठरलं होतं, आणि पत्रिकेत वडिलांच्या नावामागे श्री. घालायचं की कै. यावर गाडं अडलं होतं. भावकीचं म्हणणं, बारा वर्षं वाट बघितली, आता रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या, दहावं घाला, मग कार्य करा. येत्या शुक्रवारी नदीवर विधी ठरला होता. गुरुजींना सांगून झालं होतं. कुशाबाईनेही मान डोलावली होती. आणि मग हा कागद घरात आला.

अंगठ्याचं नख उभं चिरलेलं आहे, कडबा कुट्टीत सापडून चिरलं होतं, असं तिने सांगितलं. कासरा ते नेहमी तळहाताला दोन वेढे देऊन धरायचे, एका वेढ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. तिने स्वतःचा पदर तळहाताला तसा गुंडाळून मला दाखवला.

मी फोटो मोठा केला. मोठा केला की चौकोनी ठिपके दिसत, नख दिसत नव्हतं. लहान केला की हात दिसत होता, पण नख ओळखू येण्याइतका नाही. या दोन्हींच्या मधे कुठेतरी कुशाबाईला नवरा दिसत होता. मला नुसता हात दिसत होता, कुणाचाही असेल असा.

सयाजी आईला म्हणाला की अशी हजार माणसं असतील. ती त्याच्याकडे वळली नाही, माझ्याकडे बघून बोलली. "फोटू ह्या वर्साचा हाय ना? मंग शुक्करवारी जित्या मानसाला मी जाळू कशी?"

मला तिची दया आली, हे खरं. पण त्याहून खरं हे की माझं कुतूहल आता स्वस्थ बसू देणार नव्हतं. सोमवार शुक्रवारच्या आधी येत होता. मी म्हटलं, आपण बेल्ह्याला जाऊ, कल्पेश ती जागा दाखवेल, आणि त्या दिवशी बैल कुणी धरला होता हे विचारून येऊ. हात सापडला की माणूस सापडेलच.

४

दरम्यान मी ज्यांचे नंबर फोनला जोडलेल्या नंबर दाखवणाऱ्या डबीत उमटले होते त्यांना उलट फोन लावले. आधी साधंच विचारायचं ठरवलं होतं की आपल्याला हात ओळखीचा वाटतो का. मी ते विचारण्याआधीच लोकांनी सांगायला सुरुवात केली.

ओतूरच्या माणसाच्या मते तो त्याच्या वडिलांचा हात होता, कारण करंगळी अर्धी होती. नारायणगावच्या एका निवृत्त मास्तरांनी ठामपणे सांगितलं की मनगटावर घड्याळ आहे आणि त्याची तबकडी आतल्या बाजूला आहे, त्यांचा धाकटा भाऊ असंच घालायचा. आळ्याच्या झुंबरबाई म्हणाल्या की एवढं निळं गोंदण दिसतंय आणि तुम्हाला पुरुषाचा हात कसा वाटला, ती आमची आई आहे. यांच्यातलं कुणी कुणाला ओळखत नव्हतं. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला होता, आई पोळ्याच्या सुमारास.

फोन ठेवून मी पुन्हा फोटो उघडला. घड्याळ नव्हतं. गोंदण नव्हतं. करंगळी होती की नाही ते मुठीमुळे नीट कळत नव्हतं. माझी बुद्धी मला सांगत होती की आठवणीने व्याकूळ माणसाला ढगातसुद्धा चेहरे दिसतात, आणि मी मान डोलावत होते. पण एक गोष्ट खटकत राहिली. फोटोत बैल एवढा देखणा, एवढा मोठा, आणि फोनवरच्या एकाही माणसाने त्याच्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

मम्मी तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू तरी ये आणि बघ, तुला काय दिसतं. तिने बसल्या जागेवरून नकार दिला. "तुझं जवळचं कुणी अजून गेलं नाही," ती तांदळातला खडा बाजूला काढत म्हणाली, "म्हणून तुला नुसता हात दिसतो. तसंच राहू दे."

मला तिचा राग आला. शिकल्यासवरल्या मुलीला भर दुपारी असं काही ऐकवायचं म्हणजे काय. त्याच रागात मी नमुन्याचा फोटो काढून टाकला, त्याच्या जागी पांढरा चौकोन ठेवला आणि बटण दाबलं. सगळी पानं नव्याने तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळवंडीहून फोन आला. कॅफेत बसून एक बाई बोलत होती, आणि हात तिच्या समोरच होता. कॅफेवाल्यांच्या मशीनमधे जुनं पान साठलेलं राहतं, त्यामुळे असं होतं. मी तिला ते समजावून सांगितलं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली की मूठ सैल झाली आहे, कालपेक्षा.

५

सोमवारी आम्ही चौघं टेम्पोतून बेल्ह्याला गेलो. कुशाबाईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलं होतं. सयाजीला वडील हवे होते की शुक्रवार सुरळीत पार पडायला हवा होता, हे त्याचं त्यालाही ठरवता येत नसावं.

बाजार गच्च भरला होता. रंगवलेली शिंगं, घुंगुरमाळा, शेणाचा आणि ओल्या पेंडीचा वास, टेम्पोतून उतरायला नकार देणारे खोंड आणि त्यांच्या शेपट्या पिळणारी माणसं. आमच्या पेंडीचं जुनं गिऱ्हाईक गेणभाऊ दलाल वाटेत भेटले. कुणाचा सौदा करून देत होते. हात रुमालाखाली, तोंड भलतीकडे. इथली रीतच तशी आहे. भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून सांगायचा, आणि ते चाललेलं असताना ना रुमालाकडे बघायचं ना समोरच्याच्या तोंडाकडे. चेहरा वाचला गेला की सौदा बिघडतो.

सौदा उरकल्यावर कल्पेशने त्यांना पांढऱ्या खिलाराबद्दल विचारलं. गेणभाऊंनी बाजाराच्या पार टोकाला, कुंपणापाशी बोट दाखवलं. "त्यो हेडी व्हय? लई वर्सं येतोय. बैल इकत न्हाई, नुसता बसतो."

हेडी म्हणजे बैलांचा व्यापारी. कुठला आहे, नाव काय, असं मी विचारलं. गेणभाऊंनी थोडा विचार केला आणि आपण कधी विचारलंच नाही याचं त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

कुंपणापाशी खुंटी होती, खुंटीला तो पांढरा बैल होता. मी त्याला लगेच ओळखलं आणि मला आधी आनंदच झाला, फोटोतली गोष्ट खरी सापडल्याचा आनंद. मग दिसलं की बाजारातल्या प्रत्येक जनावरावर माशा घोंघावत होत्या आणि या बैलावर एकही नव्हती. तो शेपूट हलवत नव्हता. त्याच्याजवळ एक माणूस घोंगडी पांघरून, मान खाली घालून बसला होता. त्याच्यासमोर पाच-सहा माणसं एकामागे एक उभी होती. गोंगाट नव्हता, ढकलाढकली नव्हती. रेशनच्या दुकानापुढे उभी असतात तशी. पुढचा माणूस वाकून त्याच्या पुढ्यातल्या रुमालाखाली हात घालायचा, जरा वेळाने काढायचा आणि कुणाशी न बोलता निघून जायचा. एक म्हातारे गृहस्थ हात काढून माझ्या अंगावरूनच गेले. जाताना कुणाची तरी माफी मागावी तसं "असू दे, असू दे," पुटपुटले. मास्तरांचा आवाज होता तो. मी फोनवर ऐकला होता.

आम्हीही रांगेत उभे राहिलो. आमच्या पुढची बाई निघून गेली आणि कुशाबाई पुढे झाली. सयाजीने तिचा दंड धरला. आधी हा रुमाल उचलू, याचं तोंड बघू, असं तो म्हणाला. कुशाबाईने त्याचा हात काढला. "सौदा चालू असताना रुमाल उचलत न्हाईत, बाळा," ती म्हणाली आणि खाली बसली. तिने उजवा हात आत घातला.

रीत अशी की बघायचं नाही. मी बघितलं.

रुमाल लाल होता, मळका, चारी टोकं खाली लोंबलेली. कापडाखाली कुशाबाईची बोटं हलत होती ते वरून कळत होतं. आणि तिच्या बोटांवर आणखी बोटं होती, तीही हलत होती. खाली दोन माणसांचे हात असावेत तेवढं कापड फुगलेलं होतं. मी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहायला गेले, पण घोंगडीच्या सावलीत काही दिसलं नाही, म्हणून नजर खाली उतरली. त्याच्या मांडीवर तंबाखूची चंची उघडी होती. डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना होता आणि उजव्या अंगठ्याने तो ती सावकाश मळत होता. दोन्ही हात त्याच्या मांडीवर होते. मी ते पुन्हा पाहिले. मग पुन्हा रुमालाकडे पाहिलं. रुमालाखाली बोटं हलतच होती.

कल्पेशने मागून माझा खांदा धरला. त्यानेही पाहिलं असावं. आम्ही त्याबद्दल आजवर बोललेलो नाही.

कुशाबाईचा चेहरा सुरुवातीला उजळला होता. ती मान हलवत होती, हसत होती, कुणी फार दिवसांनी ओळखीचं काही सांगत असावं तशी. मग तिचा हात आत सरकला. कोपरापर्यंत गेला. ती काहीतरी चाचपत होती, वरवर, पुढे पुढे. आणि मग थांबली. तिच्या तोंडावरचा रंग उतरला. तरी तिने हात काढला नाही. बाजाराचा सगळा गलका आमच्या भोवतीने चालू होता. शेवटी तिने हात ओढला. तो सहज निघाला नाही, तिला दोनदा ओढावा लागला.

उठून ती सरळ टेम्पोच्या दिशेने चालायला लागली. आम्ही मागोमाग. टेम्पोपाशी आल्यावर सयाजीने विचारलं की आबा होते का. तिने हाताकडे पाहिलं. तळहातावर कासऱ्याचे दोन वेढे लाल उमटलेले होते.

"मनगटापत्तूर त्येच हायेत," ती म्हणाली. "म्होरं कुनी न्हाई."

सयाजी रडायला लागला. तिने त्याला जवळ घेतलं नाही, आधी वाक्य पुरं केलं. "त्येनी हात सोडला न्हाई, सयाजी. मी सोडवून घेतला."

६

शुक्रवारचा विधी झाला. मी गेले नव्हते. त्याबद्दल पुढे सयाजीने पत्रिका घेऊन आल्यावर सांगितलं. नदीच्या वाळूत गुरुजींनी पळसाची पानं मांडून माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. कुशाबाईने एकच हट्ट धरला. उजव्या हाताची पानं तिने कुणाला लावू दिली नाहीत. ती तिने स्वतः लावली, अंगठ्याच्या जागी ठेवायचं पान नखाने उभं चिरून लावलं, आणि अग्नी द्यायच्या आधी बराच वेळ त्यावर आपला हात ठेवून बसली. गुरुजी घाई करत होते, पण कुणी तिला ऊठ म्हणालं नाही. मग ती स्वतःच उठली आणि कपाळ पुसून बाजूला जाऊन बसली.

पत्रिकेत कै. सावळेराम असं छापलेलं होतं. कुशाबाईने डबा भरून करंज्या पाठवल्या होत्या. मम्मीने तो डबा परत देताना त्यात खडीसाखर घातली. सयाजी निघताना मी विचारलं की आई कशी आहे. तो म्हणाला, बरी आहे, झोप लागते. फक्त उजवा हात रात्री उशीखाली धरून झोपते.

पुढच्या सोमवारी मी कल्पेशला त्या कुंपणाकडे बघून यायला सांगितलं. तो म्हणाला की बघतो. तो तिकडे गेला नाही, हे मला कळलं, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

७

वेबसाइट दोन वर्षांनी बंद केली. फोनमुळे नव्हे, फोन तर कमी होत गेले होते. पैसे भरायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, एवढंच कारण. सगळी पानं, तो एका पानाचा साचा आणि तो फोटो मी एका सीडीवर उतरवून कपाटात ठेवला. माझं लग्न झालं, मी नगरला गेले. पप्पांच्या दोन्ही काळज्या मिटल्या.

२००९ च्या उन्हाळ्यात पप्पा दुकानात बसल्या बसल्या गेले. काट्यावर पोतं होतं आणि गिऱ्हाईक समोर उभं होतं. डॉक्टर येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

मी महिनाभर आळेफाट्यालाच राहिले. लोक येऊन जाऊन कमी झाले तेव्हा घर एकदम मोठं वाटायला लागलं. दुपारी मम्मी जिन्याकडे तोंड करून बसायची. कुणाच्याही चपला वाजल्या की तिचा हात पदराकडे निघायचा आणि अर्ध्यात थांबून परत मांडीवर यायचा. ते बघवत नव्हतं. मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

एके दिवशी ती माझ्या मागोमाग आली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्या कॉम्प्युटरच्या खुर्चीवर बसली, अगदी कडेला, साडी सावरून.

"तो बैलाचा फोटो आहे का गं अजून?"

मी म्हटलं, कुठेतरी असेल, शोधावं लागेल. ती म्हणाली, कपाटात वरच्या खणात आहे, मी पुसून ठेवते अधूनमधून. मी तिला नाही म्हणू शकले असते. कुशाबाईचा तळहात माझ्या डोळ्यांसमोर होता. पण तिने सगळं आयुष्य माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी सीडी आणली, घातली. मशीन जुनं झालं होतं, सीडी बराच वेळ आत घरघरत राहिली. मग पडद्यावर वरून खाली एकेक पट्टी उमटायला लागली. आधी आभाळ, मग शिंगं, मग वशिंड.

मला लहानपणापासून सगळं बघायची खोड. सौद्यातला रुमालसुद्धा मी बघितला होता. पण फोटो कासऱ्यापर्यंत उतरला तेव्हा मी मान फिरवली आणि मम्मीकडे बघत राहिले.

पडद्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर होता. तिचा हात सावकाश वर गेला, या वेळी अर्ध्यात थांबला नाही, आणि तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.